तळं, ठराव आणि अकरा वर्षांची मुलगी : चळवळीवरची किशोर कादंबरी कशी लिहावी

चळवळीत उतरलेल्या मुलांवर लिहिलेली बरीच हस्तलिखितं एकाच खड्ड्यात पडतात. तिसऱ्या प्रकरणापर्यंत नायक भाषण करायला लागलेला असतो. वय बारा, पण बोलणं पन्नाशीतल्या पुढाऱ्याचं. लेखकाचा हेतू चांगला असतो, विषय मोठा असतो, आणि मुलं मात्र पुस्तक अर्ध्यात ठेवून देतात. कारण त्या नायकाला नेमकं काय हवंय हे त्यांना कळतच नाही. त्याला 'समता' हवी असते, 'व्यवस्था' बदलायची असते. अकरा वर्षांच्या वाचकाने यातलं धरायचं काय?

म्हणून सगळं एका उदाहरणावर करून बघू. घटना महाडच्या चवदार तळ्याची, साल १९२७. तुमच्या मनात दुसरी घटना असेल तर महाडच्या जागी ती ठेवा, पायऱ्या त्याच राहतील.

मागणी ओंजळीत मावेल एवढी करा

मुलांच्या खऱ्या लढ्यांकडे पाहिलं की त्यांच्या मागण्या किती बारीक होत्या हे लक्षात येतं. जुलै १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरविक्या पोरांनी संप केला तो शंभर अंकांमागे दहा सेंटसाठी. स्पेनबरोबरच्या युद्धात अंकांचा खप वाढला तेव्हा मालकांनी शेकड्याचा घाऊक भाव पन्नास सेंटवरून साठवर नेला. युद्ध संपल्यावर इतरांनी तो खाली आणला, पुलित्झर आणि हर्स्ट यांनी आणला नाही. १६ जून १९७६ ला सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर आली ती गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकायची सक्ती झाली म्हणून. मागे वर्णद्वेषाची आख्खी राजवट होती हे खरंच, पण मुलांच्या हातात होतं ते गणिताचं पुस्तक.

कथानकाला हात लावण्याआधी कागदावर एक वाक्य पुरं करा : 'मला अमुक हवंय, आणि ते मिळालं हे मला तमुकवरून कळेल.' यात 'न्याय', 'हक्क', 'सन्मान' असे शब्द आले तर वाक्य खोडून पुन्हा लिहा. महाडच्या कादंबरीसाठी माझं वाक्य असं होईल : 'मला तळ्याचं पाणी माझ्या दोन्ही हातांनी प्यायचंय.'

दोन्ही हातांनी का? अस्पृश्य मानलेल्या माणसाने भांड्याला शिवायचं नाही, दुसऱ्याने वरून धार सोडायची आणि याने खाली ओंजळ धरायची, ही रीत होती. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या शाळेबद्दल हेच लिहून ठेवलंय. पाणी वाढणारा शिपाई आला नाही तर त्या दिवशी पाणी नाही. ही एक गोष्ट नीट दाखवलीत तर अस्पृश्यतेची व्याख्या सांगायची गरज उरत नाही.

आधी तारखा, मग कथानक

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि अर्धं कथानक तिथेच आयतं पडलेलं असतं.

महाडच्या तारखा मांडून बघा. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदे कौन्सिलने ठराव केला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं तीन वर्षं उघडं होतं, आणि एकही माणूस पाण्याला गेला नव्हता, कारण जाण्याची कुणाची छाती नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. २० तारखेला लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले, पाणी प्याले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे तळ्यात एकशे आठ घागरी पंचगव्य ओतून 'शुद्धी' झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद आणि तळ्यावर सत्याग्रह ठरला, तोवर विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला. खटला चालत राहिला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला.

दोन गोष्टी डोळ्यांत भराव्यात. पहिली, ठराव आधी झाला आणि लढा नंतर. मुलांच्या पुस्तकांत नेहमी उलटं असतं : मुलं लढतात, मोठे ठराव करतात, टाळ्या वाजतात. इथे कागद आलेला आहे, तरी पाणी बंदच. 'परवानगी आहे, मग तू का जात नाहीस?' हा प्रश्न एखाद्या मुलाने बापाला विचारला की कादंबरी सुरू झाली. दुसरी, मार्च १९२७ ते मार्च १९३७. तुमची अकरा वर्षांची नायिका निकालाच्या दिवशी एकवीस वर्षांची असेल, कदाचित दोन लेकरांची आई असेल. याचं काय करायचं ते शेवटच्या भागात पाहू, पण ठरवायचं आत्ताच.

मग जुनं पंचांग घ्या. १९२७ ची फाल्गुन पौर्णिमा १८ मार्चला होती. परिषद भरली ती शनिवारी-रविवारी, शिमग्याच्या दिवसांत. कोकणातला शिमगा म्हणजे पालखी, सोंगं, रात्रीची जाग, आणि चांदणं. खांद्याला भाकरी बांधून लांबून चालत आलेल्या माणसांना रात्री वाट दिसत होती. उलट २५ डिसेंबरला, ज्या रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच्या आदल्याच दिवशी अमावास्या होऊन गेली होती. मिट्ट काळोख, कोकणातली थंडी आणि त्यात तो एक जाळ. असं दृश्य कल्पनेने लिहिलं तर नाटकी वाटतं. पंचांगातून आलेलं असलं की त्याला वजन येतं.

साधनं फार लांब नाहीत. परिषदेनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. त्याचे अंक महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले आहेत. त्यांतली बातमीची भाषा, जाहिराती, वर्गणीदारांची पत्रं सगळं वाचा. कुलाबा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर पिकं, रस्ते आणि बंदरं यांच्यासाठी चाळा. आणि महाडला जा. २० मार्चला तिथे मोठी गर्दी लोटते, ती एकदा अनुभवाच. पण लिहिण्यासाठी खरा उपयोग होतो तो वैशाखातल्या एखाद्या आडदिवशी दुपारी गेल्याचा. तळ्याभोवती घरं किती जवळ आहेत ते तेव्हा दिसतं. पाण्याला हात लावणारा माणूस किती खिडक्यांतून दिसत असेल याचा अंदाज उभं राहिल्याशिवाय येत नाही.

मूल कोणाचं, आणि त्या वर्षी ते काय करू शकत होतं?

समजा, नायिका भागी. महाडपासून चार कोसांवरच्या गावातल्या महारवाड्यातली, वय अकरा. पहिला प्रश्न : तिचं लग्न झालंय का? १९२७ साल आहे. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ चा, अंमल १९३० पासून, आणि त्यातही मुलीचं किमान वय चौदा. म्हणजे भागीचं लग्न झालेलं असणं किंवा येत्या वैशाखात ठरलेलं असणं हेच स्वाभाविक. नव्या लेखकांना ही अडचण वाटते, मग ते मुलीला गुपचूप 'मोकळी' ठेवतात. मला तर हे घबाड वाटतं. मार्चमध्ये परिषद, मे महिन्यात लग्न : कादंबरीला आयतं घड्याळ मिळालं.

दुसरा प्रश्न : ती तिथे असेल का? डिसेंबरच्या परिषदेला बायका मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले. लुगडं गुडघ्यापर्यंत आखूड नेसण्याची जातीची खूण टाका, अंगावरचे जड दागिने टाका, मुलींना शिकवा, असं त्या बोलण्यात होतं. म्हणून डिसेंबर भागीचा. मार्चमध्ये तिचा पंधरा वर्षांचा भाऊ जाईल. पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत माणसं आल्याचं वर्णन आहेच. भागी घरी राहील आणि तळ्याची हकीगत त्याच्या तोंडून ऐकेल. मुख्य घटना नायिकेने पाहिलेलीच नाही, हे ऐकून संपादक भुवया उंचावतील. उंचावू द्या. न पाहिलेल्या गोष्टीची ओढ हेच तर तिचं इंजिन आहे.

तिसरा : एवढ्या वयाचं मूल इतका विचार करू शकतं का? ही शंका आली की मुक्ता साळवेचा निबंध वाचा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मातंग समाजातली मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या लोकांच्या हालांबद्दल ती इतकं रोखठोक लिहिते की आजच्या मुलांच्या पुस्तकांतली सभ्य वाक्यं तिच्यापुढे मिळमिळीत वाटतात. फरक एवढाच की ती ऐकीव तत्त्वं सांगत नाही, भोगलेलं सांगते.

महाड तालुक्यातच आणखी एक मुलगा सापडेल. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, पुढे या परिषदेचे एक मुख्य संयोजक. लहानपणी महाडच्या शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला तेव्हा ते गप्प बसले नव्हते. हा धागा कादंबरीत सरळ आणू नका, पण 'असलं धाडस त्या काळच्या पोराला सुचलंच नसतं' असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा.

किंमत घरातल्या वस्तूंत मोजा

कादंबरी इथे तरते किंवा बुडते. आधी एक वाईट नमुना :

'भागी ताडकन उभी राहिली. "पाणी ही निसर्गाची देणगी आहे. तिच्यावर सर्वांचा सारखाच हक्क आहे!" तिचे डोळे अंगारासारखे चमकत होते. सारे अवाक् झाले.'

आता तोच प्रसंग, भाऊ महाडहून परत आल्याच्या रात्री :

'आयेनं हळद दाबली तसा दादा कळवळला. जखमेवरची चिंधी लालसर झाली होती.
"किती प्यालास?" भागीनं विचारलं.
"काय?"
"पाणी."
"ओंजळभर."
"दोन हातांनी?"
दादानं मान हलवली. "दोन हातांनी."
"कुणी वतलं न्हाई?"
"न्हाई. वाकून घेतलं."
आये मधेच म्हणाली, "आणि भाकऱ्या?"
दादा काही बोलला नाही.
"वीस भाकऱ्या दिल्या होत्या. उसन्या तांदळाच्या."
"मातीत गेल्या," दादा म्हणाला. "जेवायला बसलो होतो, तेवढ्यात आले. सगळं तुडवलं."
आये उठली आणि रिकामं मडकं पुन्हा एकदा आत हात घालून पाहिलं.'

दुसऱ्या नमुन्यात हक्क हा शब्द नाही. जेवण मातीत तुडवलं गेलं हे खरं घडलेलं आहे, उसने तांदूळ माझे. इतिहासातली एक गोष्ट आणि तिला चिकटलेली घरातली एक वस्तू, अशी जोडी प्रत्येक प्रकरणात एक तरी हवी. आणखी एक तयार जोडी देतो : परिषदेच्या मांडवासाठी पाणी विकत घ्यावं लागलं होतं, चाळीस रुपयांचं. समोर भरलेलं तळं, आणि पाण्याला चाळीस रुपये. त्या काळी मजुराला दिवसाचे काही आणे मिळत. हा हिशोब भागीच्या बोटांवर करून दाखवा.

विरोधकाला उत्तम युक्तिवाद द्या

खलनायक गावातला सावकार असतो हे मुलांना पहिल्या पानावर कळतं, त्यात गंमत नाही. खरा विरोध घरातून आणा. त्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं मागणं सोडा, असंही सांगितलं गेलं. आता भागीचा आजा बोलेल. मेलं ढोर ओढणं हे आपलं वतनाचं काम, त्यावर घर पावसाळा काढतं. ते सोडलं तर आषाढात खायचं काय? पोरांना काय सांगायचं, मानानं उपाशी झोपा? आजाचं म्हणणं चूक आहे असं वाचकाला लगेच वाटता कामा नये. दोन प्रकरणं तोच बरोबर वाटला पाहिजे.

बापाचा विरोध वेगळा : 'लढायचं तर आम्ही लढू, पोरांना पुढं का करता?' हा वाद सगळीकडे झाला आहे. २ मे १९६३ ला अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये शेकडो शाळकरी मुलं चर्चमधून बाहेर पडून मोर्चाने निघाली आणि तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी मुलांवर पाण्याचे बंब आणि कुत्रे सोडले. मुलांना उतरवावं की नाही याबद्दल खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मनाचं लवकर ठरत नव्हतं. त्यांचे सहकारी जेम्स बेव्हेल यांनी आग्रह धरला. तुमच्या कादंबरीत हा प्रश्न कुणीच विचारला नाही तर समजा की तुम्ही मुलांना प्यादी म्हणून वापरताय.

जातीनुसार माणसं चांगली-वाईट वाटून टाकणंही जमणार नाही, इतिहासच आडवा येतो. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे परिषदेच्या बाजूने उभे होते. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. डिसेंबरात मांडवाला कुणी जागा देईना तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. मात्र यातल्या कुणाला तारणहार करू नका. ते मदतीला आहेत. चार कोस चालून आलेली माणसं दुसरी आहेत.

बाबासाहेब पुस्तकात कुठे असतील?

गर्दीच्या पलीकडे. भागीला त्यांचा आवाज तुकड्यातुकड्याने ऐकू यावा, मधे कुणाचं तरी पागोटं यावं. थोर माणूस नायिकेच्या डोक्यावरून हात फिरवून दोन उपदेशाची वाक्यं बोलतो, हा प्रसंग हात शिवशिवले तरी लिहू नका. त्यांच्या तोंडी घालायचं ते फक्त छापील भाषणात असलेलं, तेही ओळ-दोन ओळी. बनवलेलं वाक्य उद्या वक्तृत्व स्पर्धेत त्यांच्या नावावर फिरेल.

गर्दीचा आकडाही नको. वेगवेगळ्या वर्णनांत तो अडीच-तीन हजारांपासून दहा हजारांपर्यंत आहे, आणि अकरा वर्षांची मुलगी माणसं मोजत नाही. तिला पाय दिसतात, धूळ दिसते.

भाषा

पूर्ण बोलीत लिहायचा मोह आवरा. ज्या घरात ती बोली आहे तिथला लेखक असाल तर गोष्ट वेगळी, मग मोकळेपणाने लिहा. नाही तर दहा-पंधरा शब्द आणि दोन-तीन क्रियापदांची रूपं निवडा, ती त्या भागातल्या माणसाकडून तपासून घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. निवेदन साधं, रोजच्या बोलण्यातलं मराठी. जातिवाचक शिव्या छापू नयेत. त्याऐवजी कृती दाखवा : पैसे हातात न घेता उंबऱ्यावर ठेवायला लावणं, त्यावर पाणी शिंपडून उचलणं. काळातले शब्द पात्रांनी वापरावेत, निवेदकाने 'अस्पृश्य मानलेले' असं म्हणावं.

मारहाणीबद्दल थोडक्यात : लाठी पडताना दाखवू नका, पडून गेल्यावरचं दाखवा. कोण कोणत्या घरात लपलं, कुणाची वहाण राहिली. परिषदेच्या काही लोकांना मुसलमान घरांनी आसरा दिला, तो प्रसंग या जागी चपखल बसतो.

अर्धवट जिंकलेला शेवट

डिसेंबरात भागी महाडला पोचते. नऊ महिने वाट पाहिलेली. आणि सत्याग्रह तहकूब होतो. कोर्टाचा मनाई हुकूम आहे, जिल्हाधिकारी येऊन बोलून गेलेत, सरकार आणि सनातनी दोघांशी एकदम भांडायचं नाही असं ठरतं. शहरातून मिरवणूक निघते, पाण्याला कुणी हात लावत नाही. कादंबरीकाराला याहून मोठी अडचण कुठली? लेखक इथे घाबरतात आणि नायिकेला रात्री एकटीला तळ्यावर पाठवून ओंजळ भरायला लावतात. तसं केलंत तर शिस्त पाळून परत फिरलेल्या हजारो माणसांना तुम्ही भागीहून भित्रं ठरवलंत.

न्यूयॉर्कच्या पोरांचंही पूर्ण जमलं नव्हतं. भाव साठ सेंटच राहिला, पण न खपलेले अंक परत घ्यायचं मालकांनी कबूल केलं. मुलांना अशी तडजोड कळते, रोज घरात करतातच.

म्हणून भागीला दुसरा, छोटा विजय द्या, आणि त्याची पेरणी पहिल्या प्रकरणापासून करा. बायकांच्या सभेनंतर अनेकींनी तिथल्या तिथे लुगडं नेसायची पद्धत बदलली. आयेने बदलली, आणि आता त्याच वेशात गावात शिरायचं आहे, पाटलाच्या ओट्यावरून. ती चाल हाच उत्कर्षबिंदू. तळं तिथेच आहे, बंद. १९३७ चा निकाल कथेत कोंबू नका. तो पुस्तकाच्या शेवटी 'खरं काय, रचलेलं काय' अशा एका पानाच्या टिपणात जाऊ द्या. भागी, दादा, आजा काल्पनिक. तारखा, ठराव, मांडवातलं पाणी खरं, हे तिथे स्पष्ट लिहा.

छापण्याआधी

लांबी पंचवीस-तीस हजार शब्दांपलीकडे नेऊ नका, आणि प्रकरण एका ऑफ तासात वाचून होईल एवढं ठेवा. मग सातवी-आठवीच्या वर्गात मोठ्याने वाचा. 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. कुठल्या ओळीला चुळबुळ सुरू झाली तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा तिथे तुम्ही काहीतरी समजावून सांगत असता. वर्गातल्या कुठल्याही मुलाला 'तुमच्याकडे असं असायचं का?' असं विचारू नये, शिक्षकांनाही आधी सांगून ठेवा. शिवाय ज्या समाजाची ही गोष्ट आहे त्यातल्या दोन-तीन जाणत्या वाचकांना हस्तलिखित द्या, आणि ते छापून झाल्यावर नव्हे, बदल करता येतील अशा टप्प्यावर द्या. एखादं प्रकरण 'किशोर'सारख्या मासिकाकडे आधी पाठवून पाहायलाही हरकत नाही.

चित्रकाराशी स्वतः बोला. मुखपृष्ठावर वळलेली मूठ आणि उगवता सूर्य नको. लुगड्याच्या दोन्ही नेसणी त्याला जुन्या फोटोंतून दाखवा, दादाच्या डोक्याला टोपी की मुंडासं ते ठरवा. आणि मनुस्मृती दहनाच्या रात्री आभाळात चंद्र नव्हता हे बजावून सांगा, नाहीतर रात्रीच्या चित्रात तो हटकून काढला जातो.